मुलांचा वशिला

“मावशी, त्या परदेशी लेखकांचं मला काही म्हणजे काही कळत नाही. आमच्या लेकीनं वाढदिवसाच्या पैशांतून चार कादंबऱ्या मागवल्या. चारही रडवणाऱ्या. एकीच्या तर नावातच सांगून टाकलंय की शेवटी दोघंही मरतात. ‘दे बोथ डाय ॲट दि एंड’! शेवट मुखपृष्ठावर छापलाय, तरी कार्टी रात्री दीड वाजता हमसून हमसून रडत होती. मी धावत गेले, म्हटलं काय झालं, कुणी काही बोललं का? तर म्हणे, ‘आई, तू जा, तुला नाही कळणार.’”

मावशी कुंपणापलीकडे ओट्यावर बसून मेथी निवडत होत्या. त्यांची उभी हयात एका सार्वजनिक वाचनालयाच्या बालविभागात गेली. आमच्या गल्लीत कुणाच्या घरात काय शिजतं हे दुसऱ्या कुणाला विचारावं, पण कुणाचं पोर काय वाचतं ते मावशींनाच विचारावं.

“तिला कुणी सांगितलं त्या पुस्तकाचं?”

“मैत्रिणीनं. मैत्रिणीला तिच्या मावसबहिणीनं. आणि त्या मावसबहिणीनं म्हणे इन्स्टावर कुणा मुलीला ते वाचून रडताना पाहिलं.”

“मग आणखी काय कळायचं राहिलं? ॲडम सिल्वेराचं ते पुस्तक आलं २०१७ साली. तेव्हाही खपलं, नाही असं नाही. पण २०२० मध्ये सगळी दुनिया घरात कोंडलेली असताना टिकटॉकवर पोरी ते हातात धरून रडायला लागल्या, आणि तीन वर्षांपूर्वीचं पुस्तक पुन्हा खपाच्या याद्यांवर चढलं. आपल्याकडे त्याच वर्षी जूनमध्ये टिकटॉकवर बंदी आली, म्हणून आपल्या पोरी इन्स्टावर रडतात, एवढाच काय तो फरक.”

“मार्केटिंग!” आतल्या खोलीतून अण्णांचा आवाज आला.

“यांनी जन्मभर विमा विकला, त्यामुळे यांना देव्हाऱ्यातसुद्धा मार्केटिंगच दिसतं,” मावशी म्हणाल्या. “अगं, या धंद्यात वशिला लागतो. मात्र मोठ्या माणसांचा वशिला कामाचा नाही, पोरांचा लागतो. हॅरी पॉटरवाल्या रोलिंगबाईंचं माहीत आहे ना तुला?”

“बारा प्रकाशकांनी नाकारलं, ते?”

“ते तर आता रिक्षावालाही सांगेल. पुढचं ऐक. लंडनची ब्लूम्सबरी म्हणून प्रकाशन संस्था. तिचे प्रमुख नायजेल न्यूटन. त्यांनी हस्तलिखिताची पहिली काही पानं घरी नेली आणि स्वतः वाचायच्या आधी आठ वर्षांच्या लेकीच्या हातात ठेवली. ॲलिस तिचं नाव. ती पानं घेऊन वर गेली, तासाभरानं खाली आली ती ‘पुढचं कुठाय’ म्हणतच. आणि मग बापाच्या मागे तिची महिनोन्महिने भुणभुण, पुढचं आण, पुढचं आण.”

“म्हणजे साहेबांच्या मुलीला आवडलं, म्हणून छापलं!”

“एकट्या तिच्यामुळे नसेलही. तिथले संपादकही बाजूचे होते. पण बारा ठिकाणी जाणत्या माणसांनी वाचून परत पाठवलेलं बाड आठ वर्षांच्या पोरीनं सोडलं नाही, हे तर खरं? आणि छापून तरी काय केलं, १९९७ च्या जूनमध्ये पुठ्ठा बांधणीच्या प्रती काढल्या अवघ्या ५००. त्यातल्या बऱ्याचशा वाचनालयांना गेल्या. त्याच वर्षी त्याला स्मार्टीज पुरस्काराचं सुवर्णपदक मिळालं. त्या पुरस्काराची गंमत अशी होती, की मोठ्यांनी फक्त निवडक पुस्तकं पुढे ठेवायची, पहिलं कोण आणि दुसरं कोण ते शाळेतली मुलं ठरवायची. आपल्याकडे असा एक पुरस्कार दाखव मला.”

मला दाखवता येईना. आपल्याकडे बालसाहित्याच्या पुरस्काराला व्यासपीठावर पाच शाली असतात, आणि मूल असतं ते फक्त स्वागतगीतापुरतं.

“दुसरा वशिला सांगते,” मावशींनी जुडीची दोरी सोडली. “अमेरिकेत माँटाना म्हणून राज्य आहे. तिथे ख्रिस्तोफर पाओलिनी नावाचा मुलगा. शाळेत गेलाच नाही, घरीच शिकला. पंधराव्या वर्षी ड्रॅगनची कादंबरी लिहायला घेतली. ‘एरागॉन’. आईवडिलांनी २००२ मध्ये घरच्या घरी छापली आणि सगळं कुटुंब गाडी काढून विकत निघालं. वाचनालयं, शाळा, पुस्तकांची दुकानं. मुलगा जुन्या काळातल्या सरदारासारखा पोशाख करून भाषणं द्यायचा. अशी शंभरावर भाषणं केली त्यानं.”

अण्णा आता खुर्ची ओढत ओट्यावर आले. “याला म्हणतात कामाचा माणूस. दारोदार फिरल्याशिवाय काही खपत नाही.”

“फिरला, पण नशीब उघडलं ते भलतीकडेच. कार्ल हायसन म्हणून फ्लोरिडाचे मोठे कादंबरीकार. ते सुट्टीला माँटानात आले होते. त्यांच्या सावत्र मुलानं ते पुस्तक विकत घेतलं आणि बापाला म्हणाला, भारी आहे. बापानं आपल्या प्रकाशकाच्या कानावर घातलं. क्नॉफनं २००३ मध्ये ते नव्यानं काढलं, तेव्हा पाओलिनी एकोणीस वर्षांचा होता. आता मला सांगा, शंभर भाषणांनी झालं, की त्या एका पोरानं?”

“शंभर भाषणं दिली म्हणून त्या पोराला पुस्तक दुकानात दिसलं,” अण्णा म्हणाले. मला वाटतं, इथे अण्णांचा एक गुण धरायला हरकत नाही.

तेवढ्यात माझ्याकडे कुकरची तिसरी शिट्टी झाली. मी पळत जाऊन गॅस बंद करून आले, तर मावशी माझी वाट पाहत थांबलेल्या. त्यांना आता खरा विषय सापडला होता.

“ओक्लाहोमा राज्यात टुल्सा म्हणून गाव आहे. तिथे शाळेत जाणारी सुझन हिंटन. तिच्या शाळेत पोरांचे दोन तट. एकीकडे बंगल्यांतली, मोटारी उडवणारी. दुसरीकडे केसांना तेल चोपडून हिंडणारी गरिबाघरची. रोज मारामाऱ्या. आणि वाचायला काय, तर कुणी कुणाला नाचाला विचारलं असल्या गोष्टी. ही म्हणाली, आमच्या शाळेत जे चालतं ते कुणीच का लिहीत नाही? पंधराव्या वर्षी लिहायला बसली. त्याच सुमाराला शाळेत लेखनाच्या विषयात तिला ‘डी’ मिळाला होता.”

“अगं बाई!”

“१९६७ मध्ये पुस्तक आलं, ‘दि आउटसायडर्स’. ही अठरा वर्षांची. प्रकाशक म्हणाले, मारामारीचं पुस्तक मुलीनं लिहिलंय म्हटल्यावर परीक्षक पुरुषमंडळी वाचायच्या आधीच नाकं मुरडतील. म्हणून सुझन एलॉइज गेली आणि मुखपृष्ठावर नुसतं एस. ई. आलं. तीस वर्षांनी रोलिंगबाईंचंही तेच. मुलगे बाईचं पुस्तक घेणार नाहीत म्हणून जोअॅनचा जे राहिला. पुढे लावायला दुसरं नावच नव्हतं, तर आजीच्या नावातला के उसना घेतला. दोन खंड पालथे घाल, बाईनं नाव लपवलं की पुस्तक चालतं!”

“खपलं का लगेच?”

“छे. औषधाच्या दुकानात रॅकवर पडून असायची स्वस्त आवृत्ती. मग प्रकाशकांच्या लक्षात आलं, की अमुक अमुक गावांत हे पुस्तक गठ्ठ्यानं जातंय. कोण घेतंय म्हणून पाहिलं, तर शाळामास्तर. जी पोरं पुस्तकाला हात लावत नव्हती ती हे एक वाचत होती, म्हणून मास्तर वर्गासाठी मागवत होते. आणि आता खरी गोष्ट. कॅलिफोर्नियात फ्रेस्नोजवळ लोन स्टार नावाची शाळा आहे, खेड्यातली. तिथल्या ग्रंथपालबाईंनी पाहिलं, की मोठ्या वर्गातले मुलगे एकच पुस्तक पुनःपुन्हा नेतात. १९८० मध्ये त्यांनी पत्र लिहिलं. कुणाला? फ्रान्सिस फोर्ड कोपोलाला! ‘गॉडफादर’वाल्या! आमच्या मुलांना वाटतं की या पुस्तकावर सिनेमा तुम्हीच करावा. सोबत शंभरावर मुलांच्या सह्या, आणि पुस्तकाची एक प्रत.”

“आणि त्यानं केला?”

“१९८३ मध्ये आला सिनेमा. टॉम क्रूझ, पॅट्रिक स्वेझी, मॅट डिलन. आणि सिनेमा अर्पण केलाय त्या शाळेच्या मुलांना आणि ग्रंथपालबाईंना.” मावशी थांबल्या. मेथीची काडी हातातच राहिली. “मी एकदा पाच नव्या पुस्तकांचा अर्ज दिला होता, तर समितीनं विचारलं, आधीची फाटली आहेत का? मी म्हटलं, हो, वाचून वाचून फाटली आहेत. तर म्हणाले, मग मुलांना नीट हाताळायला शिकवा.”

अण्णा काही बोलले नाहीत. हा किस्सा त्यांनी पुष्कळदा ऐकला असावा.

“पण मावशी,” मी म्हटलं, “लेखकाची स्वतःची कहाणीही चालतेच ना? एकटी आई, कडेवर लेक, कॅफेत बसून लिहिलं. माझ्या सासूबाईंना जादूगाराच्या शाळेशी काही घेणंदेणं नाही, पण ही कहाणी त्या सगळ्यांना सांगतात.”

“चालते की. अमेरिकेच्या स्कोलॅस्टिकनं रोलिंगबाईंच्या पहिल्या पुस्तकाच्या हक्कांसाठी १,०५,००० डॉलर मोजले. पोरांच्या पुस्तकाला एवढे पैसे म्हणजे तेव्हा अचंबाच. मग पेपरवाल्यांना बातमी मिळाली आणि बातमीला ही कहाणी मिळाली. पण कहाणीनं एक पुस्तक खपतं. पाचव्या पुस्तकासाठी रात्री बारा वाजता दुकानाबाहेर पोरं रांग लावतात, ती काही कहाणीसाठी नव्हे. त्याच्याही आधी असं झालं, की न्यूयॉर्क टाइम्सच्या कादंबऱ्यांच्या यादीत वरच्या जागांवर हॅरी पॉटरच बसून राहिला. मोठ्या लेखकांचे प्रकाशक कुरकुरले, आणि जुलै २००० मध्ये पोरांच्या पुस्तकांची यादीच वेगळी काढली.”

“पंक्तीतून उठवलं म्हणायचं.”

“उठवलं खरं, पण त्यानं भलं झालं. वेगळी यादी म्हणजे दर आठवड्याला पहिलं यायला नवी जागा. स्टेफनी मायर याच वाटेनं मोठी झाली.”

मायरबाईंची गोष्ट मला ठाऊक होती, कारण ‘ट्वायलाइट’ मी स्वतः वाचलंय. लेकीच्या कपाटातून काढून, रात्री, वर ‘गीतारहस्य’चं कव्हर घालावं अशा धास्तीनं. तीन मुलांची आई. २ जून २००३ च्या रात्री तिला स्वप्न पडलं, की कुरणात एक मुलगी आणि एक चमचमणारा रक्तपिपासू देखणा तरुण बोलत उभे आहेत. सकाळी उठून मुलांची शाळा-पोहणं सांभाळत तिनं लिहायला घेतलं आणि तीन महिन्यांत संपवलं. पंधरा एजंटांना पत्रं धाडली. पाचांनी उत्तर दिलं नाही, नवांनी नकार दिला, एक हो म्हणाला. तीन पुस्तकांचे साडेसात लाख डॉलर. मला स्वप्नं पडतात ती गॅस चालू राहिल्याची.

“आणि चांगलं आहे का गं ते?” मावशींनी डोळे बारीक करून विचारलं.

“भाषा बेताची आहे. तो पोरगा तिच्याकडे टक लावून बघतो, ती त्याच्याकडे बघते, असं पानंच्या पानं. पण खाली ठेववत नाही.”

“बघ! आणि तू काही एकटी नाहीस. २०१२ मध्ये अमेरिकेत बोकर या संस्थेनं पाहणी केली, तर किशोरांसाठी म्हणून छापलेली पुस्तकं विकत घेणाऱ्यांत ५५ टक्के लोक अठराच्या वरचे. बहुतेक जण स्वतःसाठीच घेणारे. म्हणजे पोरांनी नाव काढायचं, आयांनी पैसे मोजायचे आणि रात्री चोरून वाचायचं.”

अण्णांना इतका वेळ गप्प बसणं जड जात होतं. “ते सगळं सोडा. त्या ‘दिल बेचारा’च्या मूळ लेखकाचं सांग. तो तर शुद्ध आमच्या जातीचा.”

जॉन ग्रीनबद्दल अण्णांना खरंच आदर आहे. त्यानं भावाबरोबर २००७ च्या पहिल्या दिवसापासून यूट्यूबवर एकमेकांना चित्रफिती पाठवायला सुरुवात केली. पुस्तकांची जाहिरात नाही, नुसत्या दोन भावांच्या गप्पा. पाच वर्षं पोरं त्या ऐकत राहिली. मग ‘दि फॉल्ट इन अवर स्टार्स’ येणार म्हटल्यावर त्यानं जाहीर केलं, की पहिल्या आवृत्तीच्या सगळ्या प्रतींवर मी स्वतः सही करीन. पहिली आवृत्ती होती १,५०,००० ची. आणि केल्या. पुस्तक लिहून पुरं व्हायच्या आधीच नोंदणीवर ते ॲमेझॉनच्या यादीत अव्वल गेलं. २०१२ च्या जानेवारीत आलं, २०१४ मध्ये हॉलिवूडचा सिनेमा, आणि २०२० मध्ये आपला हिंदी, सुशांतसिंगचा शेवटचा.

“दीड लाख सह्या!” अण्णा म्हणाले. “मी पॉलिसीच्या फॉर्मवर दिवसाला चाळीस केल्या तर रात्री जेवताना घास सुटायचा हातातून. गिऱ्हाइकाशी आधी पाच वर्षं नुसतं बोला, विकायचं नंतर. यालाच धंदा म्हणतात.”

“आणि सुझन कॉलिन्स?” मावशींनी हुकमाचं पान टाकलं. “ती कुणाशी बोलते? ना चित्रफिती, ना सह्यांचे गठ्ठे, मुलाखतसुद्धा मोजून मापून. ‘हंगर गेम्स’ २००८ मध्ये आलं आणि बघता बघता सगळीकडे पोचलं. कसं? बाई आधी मुलांच्या टीव्ही मालिका लिहायची. प्रत्येक प्रकरण अशा ठिकाणी तोडते, की पुढचं पान उलटल्याशिवाय दिवा मालवता येत नाही. एका रात्री ती टीव्हीवर वाहिन्या बदलत बसली होती. एकीवर पोरं बक्षिसासाठी स्पर्धा करतायत, दुसरीवर इराकच्या युद्धातली चित्रं. दोन्ही डोक्यात एकमेकांत मिसळली, म्हणे. पोरांना नेमकं तेच दिसत होतं, आणि बोलत कुणी नव्हतं.”

“म्हणजे पोरांच्या मनातलं लिहिलं की झालं?”

“एवढं सोपं असतं तर ज्युडी ब्लूमला शाळेनं परत का पाठवलं असतं? १९७० मध्ये तिनं अकरा-बारा वर्षांच्या मुलीची गोष्ट लिहिली. मार्गारेट. पाळी कधी येणार म्हणून देवाशी बोलणारी. बाईनं स्वतःच्या मुलांच्या शाळेला तीन प्रती भेट दिल्या, तर मुख्याध्यापकांनी ग्रंथालयात ठेवायला नकार दिला. पाळीचा उल्लेख आहे म्हणून. मग काय, पोरींनी आपापसात फिरवलं. पुढे जिथे जिथे बंदी घातली तिथे तिथे आणखी फिरलं. २०२३ मध्ये सिनेमा आला तेव्हा त्या पोरींच्या नाती बघायला गेल्या.”

एवढं सगळं ऐकल्यावर माझ्या तोंडून गेलंच, “मग आपल्याकडे का नाही हो असं?”

मावशींनी मेथी बाजूला ठेवली. “आपल्याकडे झालं, पण लेखकापर्यंत पोचलं नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. बनेश फेणे, फुरसुंगीचा, सायकलवाला. माझ्या बालविभागात पोरं यायची ती ‘फेणे आहे का’ विचारत. ‘भागवत आहेत का’ असं एकानंही विचारलं नाही. दूरदर्शनवर मालिका झाली, त्यात छोटा सुमीत राघवन होता. २०१७ मध्ये अमेय वाघचा सिनेमा आला, दिलीप प्रभावळकर त्यात खुद्द भागवत झाले. पण खरे भागवत २००१ मध्येच गेले. या माणसानं ज्यूल व्हर्न मराठीत आणला, ‘बालमित्र’ काढला. बाहेर असते तर विमानतळाला नाव दिलं असतं.”

“आणि शिरवळकर?” अण्णा एकदम म्हणाले.

आम्ही दोघीही त्यांच्याकडे बघायला लागलो.

“सुहास शिरवळकर. ‘दुनियादारी’. आमच्या ऑफिसातली नवी पोरं ड्रॉवर अर्धवट उघडा ठेवून वाचायची. मी पण वाचली. सर्क्युलेटिंग लायब्ररीतून आणलेली, मधली पानं गेलेली. गेलेल्या पानांत काय होतं ते शेजारच्या टेबलावरच्यानं तोंडी सांगितलं.”

“मला कधी बोलला नाहीत!”

“तू बालविभागात. तुझ्यासमोर काय बोलणार?”

मावशी हसल्या, पण मुद्दा सोडला नाही. शिरवळकरांचा वशिला पोरांचाच होता, त्या म्हणाल्या, कॉलेजच्या कट्ट्यावरचा. समीक्षकांनी नाव घेतलं नाही, पाठ्यपुस्तकात धडा आला नाही. संजय जाधवांचा सिनेमा आला २०१३ मध्ये, तेव्हा शिरवळकरांना जाऊन दहा वर्षं झाली होती. मग दुकानांत पुन्हा थप्प्या लागल्या. आणि दुसरीकडे मिलिंद बोकिलांची ‘शाळा’. नववीतल्या मुलांवरची एवढी सुंदर कादंबरी, पण ती डोक्यावर घेतली कुणी? चाळिशी गाठलेल्यांनी, आपली नववी आठवून. नववीतल्या पोराच्या हातात कुणी दिली का? त्यात मुलाचं मुलीवर प्रेम आहे ना!

माझं मत विचाराल तर गोम इथेच आहे. आपल्याकडे तेरा वर्षांच्या मुलाचं पुस्तक तेरा वर्षांचं मूल निवडत नाही. आत्या निवडते, काका निवडतात, बक्षीस समारंभाचे प्रमुख पाहुणे निवडतात. ‘किशोर’ मासिक सुटलं की हातात थोरांची चरित्रं, आणि चरित्रं संपली की थेट ‘मृत्युंजय’. मधल्या पाच-सहा वर्षांत, जेव्हा घरातलं कुणीच आपलं वाटत नाही, तेव्हा मराठीत वाचायचं काय? मग पोरी इंग्रजी वाचतात आणि आपण मराठी दिनाला हळहळतो.

“तुमची लेक लिहिते का गं काही?” मावशींनी मध्येच विचारलं.

“लिहिते वाटतं. वही आहे एक. मला दाखवत नाही.”

“मग कुणाला दाखवते?”

“वर्गातल्या मुलींना. वही फिरत असते म्हणे बाकाखालून. एकीनं तर पुढचं प्रकरण लवकर दे म्हणून हिचा गणिताचा गृहपाठ करून दिला. मागच्या आठवड्यात बाईंनी जप्त केली.”

“परत दिली?”

“अजून नाही.”

“म्हणजे बाई वाचतायत!” मावशींनी टाळीच वाजवली. “मराठीत आहे?”

“अर्धी मराठी, अर्धी इंग्रजी. बाईंनी लाल शाईनं खुणा केल्या असतील.”

“तिला म्हणावं, मुखपृष्ठावर नुसती आद्याक्षरं घाल,” अण्णा खुर्चीतून उठत म्हणाले, “आणि सही सुटसुटीत ठेव. दीड लाख वेळा करायची आहे.”